टर्कीच्या खाद्यातील प्रथिने : सोयाबीन पेंडीला पर्याय कोणते आणि ते केव्हा द्यावेत

टर्कीच्या पिलास अंड्यातून बाहेर पडल्यापासून पहिले चार आठवडे ज्या खाद्यावर वाढवावयाचे, त्या खाद्यात शेकडा २८ भाग प्रथिने असावी लागतात. मांसल कोंबडीच्या पिलाचे काम २२ ते २३ भागांवर भागते. हा पाच-सहा भागांचा फरक दिसावयास लहान आहे. परंतु टर्कीपालनातील खर्चाचे आणि पिलांच्या मरतुकीचे बरेचसे प्रश्न त्यातूनच उद्भवतात. प्रथिने हा खाद्यातील सर्वांत महाग भाग होय. त्यामुळे काटकसर करावयाची झाली म्हणजे पालकाचा हात प्रथम तेथेच जातो, आणि पुष्कळदा तो चुकीच्या वेळी जातो.

नाशिक रोड, देवळाली, भगूर व दारणाकाठची गावे या पट्ट्यात जो शेतकरी दहा-वीस टर्की पाळावयास घेईल, त्याच्या डोळ्यांपुढे साहजिकच नाताळचा बाजार असणार. नाशिक रोड स्थानकापासून मुंबई रेल्वेने दोनशे किलोमीटरांच्या आत आहे. डिसेंबरात विकावयाचे पक्षी वीस ते चोवीस आठवड्यांचे व्हावयाचे, तर पिले जुलैच्या सुमारास आणावी लागतात. म्हणजे पिलांचे सर्वांत नाजूक आठ आठवडे नेमके भर पावसाळ्यात येतात. याच दिवसांत बाजारातील सोयाबीन, भुईमूग व इतर गळिताच्या धान्यांची पेंड मागील हंगामातील मालाची असते. नवे सोयाबीन निफाड, सिन्नर, येवला या भागांतून बाजारात येण्यास ऑक्टोबर उजाडतो. जुना साठा, दमट हवा आणि चढे भाव या तिन्ही गोष्टी एकाच वेळी पुढे उभ्या राहतात, ही या व्यवसायातील खरी अडचण आहे.

पक्षी मात्र आपल्याकडे अगदीच नवा नव्हे. मूळचा अमेरिका खंडातला हा पक्षी पोर्तुगीजांच्या मार्गाने गोव्यात पोहोचला होता. १६१२ साली मुकर्रबखान या सरदाराने गोव्याहून आणलेल्या दुर्मीळ वस्तूंमध्ये टर्कीही होता. जहांगीर बादशहाने दरबारी चित्रकार मन्सूर याजकडून त्याचे चित्र काढवून घेतले व त्याच्या डोक्याचे रंग कसे पालटतात याची नोंदही करून ठेवली. तेव्हापासून चारशे वर्षे लोटली, तरी आपल्या भागात हा पक्षी शोभेचाच अधिक राहिला. त्याच्या खाद्याचा विचार कोंबडीच्या खाद्यावरून अंदाजाने करण्याची सवय अद्याप सुटलेली नाही.

सोयाबीन पेंडीचे स्थान

तेल काढून घेतलेल्या चांगल्या सोयाबीन पेंडीत शेकडा ४४ ते ४८ भाग प्रथिने असतात. मक्यात सुमारे ९ असतात. ४६ टक्क्यांची पेंड व मका एवढे दोनच पदार्थ घेऊन २८ टक्क्यांचे मिश्रण करावयाचे म्हटले, तर १९ भाग पेंडीस १८ भाग मका, म्हणजे जवळजवळ निम्मे निम्मे घ्यावे लागतात. कोंबडीच्या खाद्यात पेंडीचे प्रमाण इतके नसते. म्हणून सोयाबीन पेंडीचा भाव वाढला की त्याची झळ कोंबडीवाल्यापेक्षा टर्कीवाल्यास अधिक बसते. २०२१ च्या उन्हाळ्यापासून हे भाव इतके चढले की ऑगस्ट महिन्यात केंद्र सरकारला १२ लाख टन पेंड परदेशांतून आणण्यास परवानगी द्यावी लागली. आपल्या देशात लागवडीस परवानगी नसलेल्या, जनुकीय बदल केलेल्या सोयाबीनची ती पेंड होती, यावरून टंचाईची कल्पना यावी.

अशा वेळी घरचे सोयाबीन दळून खाऊ घालण्याचा विचार शेतकऱ्यांच्या मनात येतो. तसे करू नये. कच्च्या सोयाबीनमध्ये प्रथिनांचे पचन रोखणारे द्रव्य असते. त्यामुळे पिलाच्या पोटात प्रथिने जाऊनही अंगी लागत नाहीत, वाढ खुंटते व स्वादुपिंड सुजते. हे द्रव्य नीट उष्णता दिल्याने नष्ट होते. कारखान्यातील पेंडीस ती उष्णता मिळालेली असते. घरी कढईत भाजताना काही दाणे करपतात व काही कच्चे राहतात. करपलेल्या दाण्यातील प्रथिनेही निकामी होतात. नीट भाजलेले अखंड सोयाबीन उत्तम खाद्य आहे यात शंका नाही, पण ते मोठ्या पक्ष्यांना व माफक प्रमाणात द्यावे; पिलांवर त्याचा प्रयोग नको.

टक्केवारीने होणारी फसगत

पोत्यावर छापलेला प्रथिनांचा आकडा म्हणजे प्रत्यक्षात नत्राचा आकडा असतो. प्रयोगशाळेत नत्र मोजून त्यास ६.२५ ने गुणले की तो मिळतो. त्यामुळे मासळीच्या भुकटीत कोणी युरिया मिसळला, तर तिचा आकडा फुगतो. पक्ष्याला मात्र त्या युरियाचा काडीचाही उपयोग नाही. गाई-म्हशींच्या कोठ्यातील सूक्ष्म जीव युरियापासून प्रथिने तयार करू शकतात, पक्ष्याच्या पोटात ती सोय नाही. दुभत्या जनावरांचे तयार पशुखाद्य टर्कीस घालू नये, याचे हे एक कारण आहे.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. प्रथिने ही अनेक अमिनो आम्लांची बनलेली असतात, आणि त्यांपैकी लायसिन व मिथिओनिन ही दोन पक्ष्याच्या खाद्यात प्रथम अपुरी पडतात. भिंत बांधताना विटा मुबलक असल्या तरी चुना संपला की काम थांबते, तसे शरीराचे होते. टर्कीच्या लहान पिलास खाद्यात सुमारे १.६ टक्के लायसिन लागते. वर सांगितलेल्या मका-सोयाबीनच्या मिश्रणात ते हिशेबाने सुमारे १.५५ टक्के भरते, म्हणजे किरकोळ तूट राहते. सोयाबीनऐवजी ४२ टक्के प्रथिनांची भुईमूग पेंड घेऊन तेच २८ टक्क्यांचे मिश्रण केले, तर लायसिन १ टक्क्याच्याही किंचित खाली येते. तिळाच्या पेंडीवर केले, तर ते जेमतेम पाऊण टक्क्याच्या आत राहते. तिन्ही मिश्रणांच्या पोत्यांवर २८ टक्के असेच छापता येईल. पण दुसऱ्या व तिसऱ्या मिश्रणावर पिले वाढणार नाहीत, त्यांची पिसे विरळ येतील व खर्च केलेली प्रथिने विष्ठेवाटे गादीत जाऊन अमोनियाचा वास सुटेल.

यासाठी पेंडीचा भाव किलोवर न पाहता तिच्यातील लायसिनवर पाहण्याची सवय लावावी. उदाहरणादाखल, सोयाबीन पेंड ४६ रुपये व भुईमूग पेंड ४२ रुपये किलो मिळते असे धरू. प्रथिनांच्या हिशेबाने दोन्ही सारख्याच पडतात, आणि पोत्याच्या हिशेबाने भुईमूग स्वस्त वाटते. परंतु एक किलो सोयाबीन पेंडीत सुमारे २८ ग्रॅम लायसिन असते व भुईमूग पेंडीत सुमारे १५ ग्रॅम. म्हणजे लायसिनचा प्रत्येक ग्रॅम सोयाबीनमधून सुमारे १ रुपया ६४ पैशांना व भुईमुगातून २ रुपये ८० पैशांना पडला.

भुईमुगाची पेंड आणि १९६० सालची साथ

भुईमुगाच्या पेंडीविषयी आणखी एक गोष्ट प्रत्येक टर्कीपालकास ठाऊक असावयास हवी. १९६० साली इंग्लंडमध्ये टर्कीची पिले एकाएकी मरू लागली. पिले खाणे सोडीत, पंख पाडून बसत, चाल अडखळे आणि मरताना पाय ताठ होऊन मान मागे ओढली जाई. काही महिन्यांत एक लाखाहून अधिक पिले दगावली. संसर्गजन्य रोगाचा पत्ता लागेना, म्हणून पशुवैद्यांनी त्यास ‘टर्की एक्स’ असे नाव दिले. शोध घेता घेता सर्व ठिकाणचा समान धागा सापडला. या पिलांना दिलेल्या खाद्यात ब्राझीलहून आलेली भुईमूग पेंड होती, आणि त्या पेंडीवर अस्परजिलस फ्लेव्हस नावाची बुरशी वाढलेली होती. त्या बुरशीच्या विषाला पुढे तिच्याच नावावरून अफ्लाटॉक्सिन हे नाव पडले. आज मनुष्याच्या व जनावरांच्या अन्नात ज्याची तपासणी जगभर होते, ते हे विष प्रथम ओळखू आले ते टर्कीच्या पिलांच्या मृत्यूमुळे. बदकाची पिले व टर्की या विषास कोंबडीपेक्षा फार लवकर बळी पडतात. आपल्या देशात १९७४ साली राजस्थानातील बांसवाडा व गुजरातेतील पंचमहाल या भागांत बुरशी आलेला मका खाल्ल्याने शंभरावर माणसे दगावली, ती याच विषाने.

कोंबडीखाद्याच्या भारतीय मानकात या विषाची कमाल मर्यादा दर किलोस २० मायक्रोग्रॅम ठरविली आहे. एक टन खाद्यात ते २० मिलिग्रॅम, म्हणजे चिमूटभरही नव्हे. डोळ्यांना बुरशी दिसली नाही, वास आला नाही, तरीही पेंडीत ते असू शकते. शिजविल्याने अगर उन्हात वाळविल्याने ते भरवशाने जात नाही. विष शोषून घेणारी बेंटोनाइटसारखी माती खाद्यात मिसळतात. तिने त्रास कमी होतो, पण खराब पेंड चांगली होत नाही. यास्तव आठ आठवड्यांखालील टर्कीच्या पिलांना भुईमूग पेंड मुळीच देऊ नये. पुढेही ताजी, ओळखीच्या घाण्यावरची व शक्य तर तपासलेली असेल तरच शेकडा पाच भागांपर्यंत द्यावी. पावसाळ्यातील भुईमूग पेंड टर्कीच्या वाट्यास न गेलेलीच बरी.

काटकसर कोणत्या वयात करावी

टर्कीची प्रथिनांची गरज वयाबरोबर झपाट्याने उतरते. नराच्या बाबतीत पहिले चार आठवडे २८ टक्के, आठव्या आठवड्यापर्यंत २६, बाराव्यापर्यंत २२, सोळाव्यापर्यंत १९, विसाव्यापर्यंत साडेसोळा आणि चोविसाव्यापर्यंत १४ टक्के असा तो उतार आहे. मादी या पायऱ्या थोड्या आधी उतरते. याउलट खाण्याचे प्रमाण वाढत जाते. पहिल्या चार आठवड्यांत पिलू जेवढे खाते, ते त्याच्या विक्रीपर्यंतच्या एकूण खाद्याच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी असते.

या दोन गोष्टी शेजारी ठेवल्या म्हणजे मार्ग दिसतो. ज्या वयात पिलू अगदी थोडे खाते, त्या वयात पेंडीत रुपया वाचविला तर फारसे हाती लागत नाही, आणि पिले गमावण्याचा धोका मात्र सर्वांत मोठा असतो. ज्या वयात पक्षी भरपूर खातो व त्यास प्रथिने कमी लागतात, त्या वयात पर्यायी पेंडी, हिरवा चारा यांना खरी जागा आहे. पहिले आठ आठवडे सोयाबीन पेंड हाच आधार ठेवावा. बदल नवव्या आठवड्यापासून करावेत.

आठ आठवड्यांनंतरचे पर्याय

सूर्यफुलाच्या पेंडीत २८ ते ३४ टक्के प्रथिने असतात. मिथिओनिन बरे, लायसिन कमी व टरफलामुळे चोथा पुष्कळ. तिच्यात विषारी द्रव्य नाही ही जमेची बाजू होय. शेकडा ८ ते १० भागांपर्यंत ती निर्धास्तपणे चालते.

तिळाची पेंड मिथिओनिनने समृद्ध आहे. सोयाबीनमध्ये जे कमी ते तिळात आहे व तिळात जे कमी ते सोयाबीनमध्ये, म्हणून ही जोडी चांगली जमते. शेकडा ५ भाग पुरेत. अधिक दिल्यास तिच्यातील फायटिक आम्ल खाद्यातील चुना व जस्त बांधून ठेवते.

पेठ, सुरगाणा या डोंगरी तालुक्यांत वरकस जमिनीवर खुरासणी (कारळे) होते. तिच्या पेंडीत साधारण ३० ते ३५ टक्के प्रथिने मिळतात. ही पेंड बहुतेक जनावरांनाच जाते. लहान घाण्यावरील ताजी पेंड मिळाल्यास मोठ्या टर्कीच्या खाद्यात शेकडा ४ ते ५ भाग तिला जागा करून द्यावी. करडईची सालासकट पेंड मात्र चोथ्याने इतकी भरलेली असते की पक्ष्याला तिचा उपयोग थोडाच.

मक्यापासून पिष्ठ काढल्यावर उरणाऱ्या मका ग्लुटेनमध्ये ६० टक्क्यांपर्यंत प्रथिने असतात, पण लायसिन फारच कमी. धान्यापासून इथेनॉल बनविणारे कारखाने वाढल्याने त्यांची वाळविलेली मळीही आता खाद्यबाजारात येऊ लागली आहे; मक्याच्या मळीत २७ ते ३० टक्के व तांदळाच्या मळीत ४० टक्क्यांच्या वर प्रथिने असतात. येथे एक सावधगिरी. धान्यातील पिष्ठाचे मद्यार्क होऊन जाते, बुरशीचे विष जात नाही. ते उरलेल्या मळीत साधारण तिप्पट दाट होते. मूळ धान्य कसे होते हे कळण्यास मार्ग नसेल, तर स्वस्ताईच्या मोहात पडू नये.

सरकीची पेंड टर्कीस देऊ नये. तिच्यातील गॉसिपॉल पक्ष्यास बाधते व लायसिनही बांधून ठेवते. जवसाच्या पेंडीने टर्कीची पिले दगावल्याचा अनुभव आहे, तीही टाळावी. नाशिकच्या मद्यनिर्मिती कारखान्यांतून द्राक्षांचा चोथा भरपूर निघतो आणि तो खाद्यात घालावा असे सुचविले जाते. त्यात प्रथिने जेमतेम मक्याच्या थोडी वर असून टॅनिनमुळे तीही नीट पचत नाहीत. तो शेणखताच्या खड्ड्यातच शोभतो. चाळीत सडलेला कांदा तर पक्ष्यांपासून दूर ठेवावा, कारण त्यातील गंधकयुक्त द्रव्याने रक्तातील तांबड्या पेशी फुटतात.

मासळीची भुकटी हा पर्याय नसून जोड आहे. तिचे लायसिन व मिथिओनिन दोन्ही उत्तम; पिलांच्या खाद्यात शेकडा ५ भाग चांगली भुकटी असणे इष्ट. बाजारातील भुकटीत वाळू आणि मीठ ही दोन भेसळीची द्रव्ये बहुधा सापडतात. मूठभर भुकटी पेलाभर पाण्यात ढवळून ठेवली तर वाळू तळाशी बसलेली दिसते. मिठाच्या बाबतीत टर्कीचे पिलू फार नाजूक आहे. मीठ जास्त झाले की पोटात पाणी साठून ते मरते. खारविलेल्या मासळीची भुकटी म्हणूनच घेऊ नये. विक्रीपूर्वी दोन-तीन आठवडे मासळी बंद करावी, नाही तर मांसाला वास येतो.

हिरवा चारा, अझोला आणि किडे

टर्की हा चरणारा पक्षी आहे. कोंबडीपेक्षा पाला तो अधिक आवडीने खातो व अधिक पचवितो. लसूणघास हा त्याच्यासाठी पहिल्या प्रतीचा हिरवा चारा होय. नाशिक भागात दुधाच्या गोठ्यांमुळे घासाचे वाफे गावोगावी आहेत. एक किलो ओल्या लसूणघासात सुमारे ४० ग्रॅम प्रथिने मिळतात. बारीक कुट्टी करून मोठ्या पक्ष्यांना दिवसातून दोनदा घातल्यास कोरड्या खाद्याची लक्षणीय बचत होते. शेवग्याचा सावलीत वाळविलेला पाला २५ टक्क्यांच्या आसपास प्रथिनांचा असतो. तोही शेकडा पाच भागांपर्यंत मिसळता येतो. सुबाभळीच्या पाल्यात मिमोसिन असल्याने तो टाळावा.

अझोल्याविषयी अलीकडे मोठ्या अपेक्षा बाळगल्या जातात. वाळलेल्या अझोल्यात २० ते २५ टक्के प्रथिने असतात हे खरे. परंतु ताज्या अझोल्यात शंभरातील त्र्याण्णव-चौऱ्याण्णव भाग पाणीच असते. एक किलो ताज्या अझोल्यातून सुमारे १४ ग्रॅम प्रथिने मिळतात, म्हणजे लसूणघासाच्या जवळजवळ एकतृतीयांश. ज्याच्याकडे घासाचा वाफा नाही त्याने खड्डा जरूर करावा. अझोल्यावर भरवसा ठेवून पिलांची पेंड कमी करणे मात्र घातक आहे, कारण पिलाचे लहानसे पोट पाण्यानेच भरून जाते.

ब्लॅक सोल्जर फ्लाय या काळ्या माशीच्या अळ्या भाजीपाल्याच्या टाकाऊ भागावर वाढवून वाळवितात. त्यांत ४० टक्क्यांच्या आसपास प्रथिने व पाव भागाहून अधिक स्निग्धांश असतो. युरोपीय संघाने २०२१ साली कोंबडीवर्गीय पक्ष्यांच्या खाद्यात किड्यांच्या प्रथिनांस परवानगी दिली. आपल्याकडेही हा पर्याय विचारात घेण्याजोगा आहे. मात्र अळ्या स्वच्छ भाजीपाल्यावरच वाढविलेल्या असाव्यात, शेणावर अगर मेलेल्या कोंबड्यांवर नव्हेत. गांडुळांची गोष्ट वेगळी आहे. गांडूळखत करणाऱ्या बागायतदारास जास्तीची गांडुळे टर्कीस टाकावीत असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु गांडुळाच्या पोटातून एका जंताची अंडी पक्ष्यात जातात व त्या अंड्यांबरोबर टर्कीच्या यकृताचा, ‘काळे डोके’ म्हणून ओळखला जाणारा प्राणघातक रोग येतो. कोंबड्यांबरोबर एकाच आवारात टर्की ठेवू नये, याचेही कारण तेच.

रेशीमकिड्यांच्या कोशातील वाळविलेले प्युपे प्रथिनांनी फार समृद्ध आहेत. पण येवल्याच्या पैठणीसाठी येणारे रेशीम बहुतांशी तयार सुताच्या रूपात बाहेरून येते आणि प्युपे जेथे कोश उकलले जातात तेथेच राहतात. त्यामुळे या जिल्ह्यात त्यांचा विचार तूर्त करण्याचे कारण नाही.

मिश्रणाचे दोन नमुने

पहिल्या चार आठवड्यांसाठी १०० किलो मिश्रणात मक्याचा भरडा ३८ किलो, सोयाबीन पेंड ४५, तिळाची पेंड ५, मासळीची भुकटी ५, खाद्यतेल ३, डायकॅल्शियम फॉस्फेट २ व चुनखडीचे पीठ १ किलो घ्यावे. उरलेल्या एका किलोत जीवनसत्त्वे व सूक्ष्म खनिजे यांचे टर्कीस योग्य मिश्रण, २०० ग्रॅम मीठ, १५० ते २०० ग्रॅम मिथिओनिन व १०० ग्रॅम लायसिन बसवावे. यात २८ टक्क्यांच्या किंचित वर प्रथिने भरतात.

बारा ते सोळा आठवड्यांच्या पक्ष्यांसाठी मक्याचा भरडा ५२ किलो, तांदळाचे पॉलिश ८, सोयाबीन पेंड १५, सूर्यफूल पेंड ८, तीळ पेंड ४, खुरासणी पेंड ४, मका ग्लुटेन २, तेल ३, डायकॅल्शियम फॉस्फेट दीड व चुनखडी १ किलो. आणि उरलेल्या दीड किलोत जीवनसत्त्वे, खनिजे, ३०० ग्रॅम मीठ व ३०० ग्रॅम लायसिन. प्रथिने १९ टक्के होतात. सोयाबीन ४५ किलोंवरून १५ वर आले, पण त्याबरोबर बाजारातील लायसिन वाढवावे लागले हे ध्यानात घ्यावे. ते न घातल्यास सारा हिशेब कोसळतो. पॉलिश घोटी भागातील गिरण्यांतून घेताना ताजेच घ्यावे, कारण त्यातील तेल लवकर खवट होते. थोड्या प्रमाणात लागणारे पदार्थ आधी दोन किलो भरड्यात एकजीव करून मगच मोठ्या ढिगात मिसळावेत. एका मिश्रणावरून दुसऱ्यावर चार-पाच दिवसांत हळूहळू जावे.

ज्याच्याकडे पाच-दहाच पिले आहेत तो साहजिकच मांसल कोंबडीचे तयार खाद्य आणतो. त्यात प्रथिने अपुरी असतात एवढेच नव्हे, तर रक्ती हगवण टाळण्यासाठी त्यात सालिनोमायसिन अगर नरासिन घातलेले असू शकते. कोंबडीस निर्धोक असलेली ही औषधे टर्कीस विषासमान आहेत. पक्षी लुळे पडून मरतात. पोत्यावरील चिठ्ठी वाचल्याशिवाय अगर विक्रेत्यास लेखी विचारल्याशिवाय असे खाद्य टर्कीपुढे ठेवू नये.

टर्कीच्या पिलास पहिल्या दिवसांत अन्न ओळखता येत नाही, आणि भरल्या ताटापुढे पिले उपाशी मरतात. यासाठी पहिले पंधरा दिवस एक लिटर पाण्यात १०० मिलिलिटर दूध आणि दहा पिलांमागे एक उकडलेले अंडे कुसकरून द्यावे. यापेक्षा चांगली प्रथिने कोणत्याही पोत्यात मिळत नाहीत. खाद्यावर बारीक चिरलेला हिरवा पाला भुरभुरला, भांड्यात रंगीत गोट्या टाकल्या अगर बोटाने टिचक्या मारल्या की पिले चोच मारू लागतात.

पावसाळ्यातील साठा

जून ते सप्टेंबर या काळात पंधरा दिवसांहून अधिक पुरेल इतके तयार मिश्रण करून ठेवू नये. पोती जमिनीवर न ठेवता फळ्यांवर, भिंतीपासून हातभर दूर रचावीत. मका दाताखाली कडकन् फुटेल इतका वाळलेला असावा. पेंड मुठीत दाबली असता गोळा होऊ नये. खाद्याच्या भांड्याच्या तळाशी चिकटलेला ओला भुगा रोज सकाळी खरवडून काढावा, कारण बुरशीची सुरुवात बहुधा तेथूनच होते. पिले अकस्मात खाणे सोडून पंख पाडू लागली, तर प्रथम चालू पोते बाजूस काढावे, नव्या पोत्यातील खाद्य द्यावे आणि मेलेले पिलू व मूठभर खाद्य घेऊन त्याच दिवशी पशुवैद्यकीय दवाखाना गाठावा.

बाजूस काढलेली संशयित पेंड वाया जाऊ नये म्हणून ती गोठ्यातील गाईपुढे टाकण्याचा प्रघात आहे. तो बंद करावा. गाय त्या विषाने लगेच मरत नाही, पण त्याचा अंश दुधात उतरतो व ते दूध घरातील मुले पितात. अशी पेंड शेणखताच्या खड्ड्यात खोल पुरून वर मातीचा थर द्यावा, म्हणजे मोकळ्या सुटलेल्या कोंबड्याही ती उकरून खाणार नाहीत.